मिठाचा जमाखर्च

नागपुराहून भंडाऱ्याच्या रस्त्याने निघालेला प्रवासी माथनीचा पूल ओलांडून मौद्याच्या वेशीत शिरतो तेव्हा, महिना वैशाखाचा असला आणि त्याला फारशी घाई नसली, तर पुलाच्या कठड्याशी क्षणभर थांबून त्याने खाली अवश्य पाहावे. छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून निघालेली, बिना संगमापाशी पेंच आणि कोलार या दोघींना पोटाशी घेऊन आलेली कन्हान तेथे नदी म्हणावी अशा रूपात उरलेली नसते. वाळूचे विस्तीर्ण पात्र, त्यात उपसा करणाऱ्यांनी पाडलेले खड्डे, आणि एका कडेने अंग चोरून वाहणारी ओहळवजा रेघ, एवढेच काय ते दृष्टीस पडते. मात्र ज्या वर्षी पेंचवरच्या तोतलाडोह धरणात साठा समाधानकारक असतो त्या वर्षी पेंचच्या डाव्या नहराचे पाणी त्याच सुमारास तालुक्यातील बांध्याबांध्यांतून खेळत असते आणि ऐन उन्हाळ्यात धानाची हिरवी लव वाऱ्यावर हलत असते. नदी कोरडी आणि शेत ओले, हे दृश्य वरवर विसंगत वाटते, पण त्यात विसंगती काही नाही. नदीच शेतात गेलेली असते. विचारण्याजोगे प्रश्न दोनच: गेलेली नदी परत येते काय, आणि आली तर जशी गेली तशीच येते काय?

पहिल्याचे उत्तर पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात सापडते. दुसऱ्यासाठी मला दफ्तराची पायरी चढावी लागली नाही, स्वयंपाकघर पुरले. नहरातून एक लिटर आणि धानाच्या शेवटच्या बांधीखालच्या चरात हळूहळू पाझरणारे एक लिटर, अशी दोन पाणी मी दोन सारख्या पातेल्यांत ओतून मंद आचेवर अगदी कोरडी होईतो आटवली. नहराच्या पातेल्याच्या तळाशी पांढुरकी झाक तेवढी राहिली, नखाने खरवडू जावे तर हाती न येणारी. चराच्या पातेल्यात मात्र बोटाला लागेल असा खरखरीत थर बसला आणि जिभेच्या टोकावर ठेवला तेव्हा किंचित कडसर लागला. (पातेली घासणाऱ्या व्यक्तीचे या प्रयोगाविषयीचे मत येथे नोंदवण्याचे मी हेतुपूर्वक टाळतो.) दोन्ही पाणी मुळात एकाच धरणातले. मधल्या प्रवासात त्यात मीठ कोणी घातले?

कोणीच घातले नाही, आणि या विषयातील सगळी मेख तेथेच आहे. मीठ हा शब्द येथे जेवणाच्या पानातल्या मिठापेक्षा व्यापक अर्थाने घ्यावयाचा. खडकाची झीज होताना सुटे झालेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीने येणारे क्लोराईड, सल्फेट, बायकार्बोनेट हा सारा परिवार त्यात आला. पावसाचे पाणी जवळजवळ निर्मळ असते; डोंगरावरून, मातीतून, खडकाच्या भेगांतून उतरताना ते या परिवारातील थोड्याथोड्यांना बरोबर घेते, आणि म्हणून जगातील कोणतीही नदी, ती कितीही गोडी असो, मिठावाचून नसते. पीक या पाण्यातून पाणी तेवढे पिते, पानांवाटे ते हवेत सोडते आणि मीठ बहुतांशी जेथल्या तेथे ठेवते. सूर्यही तेच करतो. दहा भाग पाणी शेतात आले आणि त्यांतील आठ भाग पिकाने व उन्हाने नेले, तर उरलेल्या दोन भागांत दहाही भागांचे मीठ येऊन बसते. एका लिटरात २०० मिलिग्रॅम असलेले पाणी कोणी काहीही न मिसळता १,००० मिलिग्रॅमचे होते. नदी खारट होते ती मीठ टाकल्यामुळे जितकी, तितकीच तिच्यातले पाणी काढून घेतल्यामुळे.

हिशेब थोडा पुढे नेऊ. लिटरात २०० मिलिग्रॅम क्षार म्हणजे पिण्यास उत्तम पाणी. भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० ची आहे. असे उत्तम पाणी एका हेक्टरावर एक मीटर खोलीइतके दिले तर ते एक कोटी लिटर भरते आणि त्याच्याबरोबर दोन टन मीठ शेतात उतरते. पाटाने भिजवलेला ऊस वर्षाकाठी दोन मीटरांच्याही वर पाणी घेतो. म्हणजे चार टन, पन्नास किलोच्या पोत्यांत भरले तर ऐंशी पोती. कोणा इसमाने दरवर्षी आपल्या शेतात मिठाची ऐंशी पोती आणून ओतली तर गाव त्याला वेड्यात काढील. पाटाने तीच पोती आली तर गाव त्याला बागायतदार म्हणते. पीक कापून नेताना त्यांतील अगदी अल्प भाग बाहेर जातो. बाकीचे एकतर मुळांच्या थरात साठते, नाहीतर निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली, भूजलात, ओढ्यात, आणि अखेर नदीत जाते. तिसरी वाट नाही. जमाखर्चाच्या वहीत जमा आहे आणि खर्च नाही असे खाते फार वर्षे चालत नसते, ही गोष्ट मौद्याच्या आठवडी बाजारातला किराणावालाही सांगेल.

मग मौद्याची माती आजवर खारावली का नाही? याचे श्रेय मनुष्याच्या शहाणपणास फारसे देता येत नाही. नागपूरच्या या पूर्वभागात वर्षाला हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत, कोसळून, पडतो. उन्हाळी पिकाने मुळांशी जे मीठ ठेवले ते आषाढ-श्रावणात धुऊन खाली जाते, आणि ज्या चराने ते नदीत उतरते त्या नदीला तेव्हा इतका लोट असतो की तेवढे मीठ तिच्या खिजगणतीतही नसते. खरीप धानाची शेतीही एका अर्थी या धुलाईला हातभार लावते. बांधीतले उभे पाणी सावकाश खाली झिरपते आणि मिठाला आपल्याबरोबर नेते. धुऱ्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी हा सारा सिद्धान्त उलगडून सांगितला, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाणी येते जी, त्याचं काही नाही. त्याले जायले वाट पायजे." माझी पंधरा मिनिटे त्यांनी दोन वाक्यांत उरकली.

ही जायची वाट नसली म्हणजे काय होते याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा धडा नीरेच्या खोऱ्यात लिहिला गेला, आणि तो वाचण्यासाठी पाऊस निम्म्याहून कमी असलेल्या मुलखात जावे लागते. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आखलेला, भाटघरच्या धरणातून पाणी घेणारा नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. हेतू संरक्षक होता: पुरंदर, बारामती, इंदापूर या अवर्षणाच्या पट्ट्यातील ज्वारी-बाजरी पावसाने दगा दिला तरी हाती लागावी, सरकारचा महसूल बुडू नये आणि रयत देशोधडीला लागू नये. रयतेने मात्र पाण्याची किंमत सरकारपेक्षा लवकर ओळखली आणि ऊस लावला. ऊस बारा महिने पाणी पितो, आणि पाटाचे पाणी रात्रंदिवस वाहत असताना ते मोजून देण्याची जबाबदारी ना पाटकऱ्याला वाटत होती ना शेतकऱ्याला.

आरंभीची काही वर्षे सर्वत्र आनंदीआनंद होता. विहिरींना पाणी चढले, खोल गेलेले झरे वर आले, मोटेचा दोर आखूड झाला. पाटाने नुसते शेत नव्हे तर पाताळ भिजवले अशी धन्यता लोकांनी मानली असल्यास त्यांना दोष देता येत नाही. पाणी चढत होते ही गोष्ट खरी होती, पण ते थांबत नव्हते. जमिनीच्या पृष्ठापासून सुमारे दीड मीटरवर भूजल येऊन ठेपले म्हणजे माती कंदिलाच्या वातीसारखी वागू लागते; खालचे पाणी बारीक छिद्रांवाटे वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते आणि बरोबर आणलेले मीठ पृष्ठावर मांडून ठेवते. ओढ्यालगतच्या सखल, पूर्वी सर्वांत कसदार समजल्या जाणाऱ्या शेतांत प्रथम ऊस पिवळा पडला, मग ठिगळाठिगळांनी उगवेनासा झाला, आणि हिवाळ्याच्या सकाळी ढेकळांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरी साय दिसू लागली. या रोगाच्या अवस्थांना शेतकऱ्याजवळ वेगवेगळी नावे आहेत, आणि ती शास्त्रज्ञाच्या वर्गीकरणाशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात: नुसते पाणी तुंबून राहिलेली ती चिबड, पांढरे फुटलेली ती खारवट, आणि ओली असता साबणासारखी निसटणारी व वाळली की दगड होणारी ती चोपण.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन, ज्यांचे नाव पुढे पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे ग्रामीण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत सर्वतोमुखी झाले, यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह नीरेच्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो सरकारी पत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, पुण्यास नेमणुकीवर असलेल्या विश्वेश्वरय्यांनी आपली ब्लॉक पद्धत सुचवली होती: पाणी मागेल त्याला मागेल तेथे न देता जमिनीचे गट पाडावेत, गटाला काही वर्षांची हमी द्यावी, पण उसाखाली त्यातील ठराविक हिस्साच ठेवून उरलेल्यात हलकी पिके फिरती ठेवावीत. तिचा उद्देश पाणी अधिक गावांना पोचावे हा होता; परंतु एकाच तुकड्यात अहोरात्र पाणी मुरू न देणे हा खारावण्यावरचाही अर्धा उपचार होय. १९१६ साली मुंबई सरकारने पाटपाण्याच्या वापराचा शेतीच्या गरजेशी मेळ बसवण्याकरिता एक खास विभाग उघडला, त्याची धुरा पुढे सी. सी. इंग्लिस यांच्याकडे आली, आणि तोच वाढत वाढत खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला. आज जेथे बंदरांच्या आणि महानद्यांच्या प्रतिकृती बांधून लाटा उठवल्या जातात त्या संस्थेची पाळेमुळे दख्खनच्या पाटाखालच्या शेतीत आहेत, हे पुण्यातदेखील फार थोड्यांना ठाऊक असते.

उपाय तेव्हाच निश्चित झाला होता: चर खणा. पाण्याला जायची वाट द्या. मौद्याचे वृद्ध जे बोलले तेच, केवळ शासकीय इंग्रजीत. पुढे उघड्या चरांची जागा सच्छिद्र नळांनी घेतली, कारण उघडा चर जमीन खातो, दोन वर्षांत गवताने भरतो आणि शेजाऱ्याशी हद्दीचा तंटा उभा करतो. आज कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात आणि कोल्हापुरातील शिरोळ तालुक्यात, जेथे श्री दत्त साखर कारखान्याने हे काम सहकारी पद्धतीने अंगावर घेतले, ही भूमिगत निचऱ्याची विद्या सर्वांत पक्व झाली आहे. मीटरभराहून खोल, मंद उतारावर, कृत्रिम धाग्याच्या गाळणीत गुंडाळलेले प्लास्टिकचे नळ शेतभर समांतर पुरतात. ते एका मोठ्या नळाला मिळतात आणि तो नळ ओढ्याच्या काठाशी तोंड उघडतो.

अशा एखाद्या तोंडाशी उकिडवे बसून पाहण्यासारखे असते. वर चिखलाळ काळे रान. पाटाने येते ते पाणी गढूळ. आणि नळातून पडणारी धार मात्र स्फटिकासारखी स्वच्छ, इतकी की तहानलेल्या माणसाने ओंजळ पुढे करावी. ही स्वच्छता फसवी असते. पाण्यात मीठ भरपूर असले म्हणजे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि पाणी निवळते. गढूळपणा हे येथे गोडेपणाचे लक्षण आणि नितळपणा हे खारेपणाचे. धारेखालच्या दगडांवर, जेथे शिंतोडे उडून वाळतात तेथे, पांढऱ्या कडांची नक्षी उमटलेली असते. शेतकरी समाधानी असतो, आणि का नसावा? दहा वर्षे पडीक पडलेल्या रानात त्याचा ऊस पुन्हा उभा असतो. पण ती धार ओढ्याला जाते, ओढा कृष्णेला, आणि कृष्णेच्या खालच्या अंगाला दुसऱ्या कोणाचा तरी पंप बसलेला असतो.

येथपर्यंतचा प्रश्न शेतीचा होता; येथून तो न्यायाचा होतो. वरच्याने आपले शेत धुतले त्या धुण्याचे पाणी खालच्याने प्यावे काय, हा तंटा ज्या दोन राष्ट्रांत अगदी अधिकृतपणे झाला ती अमेरिका आणि मेक्सिको. कोलोरॅडो नदीच्या खालच्या टोकाशी ॲरिझोनात वेल्टन-मोहॉक नावाचा एक कालवाक्षेत्राचा विभाग आहे. तेथील भूजल चढून पिके मरू लागली तेव्हा तेथल्या लोकांनी आपल्या नीरेच्या लोकांना सुचले तेच केले, म्हणजे खारे पाणी उपसून १९६१ पासून नदीत सोडले. मेक्सिकोच्या मेक्सिकाली खोऱ्याला तहनाम्याप्रमाणे पाण्याचे माप पुरे मिळत होते. मात्र त्यातील क्षार अल्पावधीत जवळजवळ दुप्पट झाले आणि कापसाची पाने करपली. करारात पाणी किती हे लिहिलेले होते, कसे हे लिहिलेले नव्हते. बारा वर्षांच्या तक्रारीनंतर ३० ऑगस्ट १९७३ रोजी समझोता झाला, त्याला २४२ क्रमांकाचे टिपण म्हणून ओळखतात, आणि त्यात मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्याचा खारेपणा वरच्या इम्पीरियल धरणापाशी असलेल्या खारेपणापेक्षा दशलक्षात सरासरी ११५ भागांहून अधिक वाढता कामा नये, त्यात ३० भागांची उणेअधिक सूट, असे काट्यावर तोलून लिहिले गेले. आमच्याकडील पाणीवाटपाचे निवाडे टीएमसी मोजतात. पाण्यासंगे किती मीठ द्यायचे हा रकाना आमच्या तंट्यांत अजून फारसा दिसत नाही.

अमेरिकेने पुढे केले ते त्या देशाच्या स्वभावास साजेसे होते. युमा येथे खारे पाणी गोडे करणारा एक प्रचंड कारखाना उभारला. तो बांधून होईतो १९९२ उजाडले, अल्पकाळ आंशिक शक्तीने चालला, मग पुराने कालव्यांची हानी झाली म्हणून थांबला, आणि त्यानंतर २०१०-११ च्या चाचणीखेरीज बहुतांशी थांबलेलाच राहिला. मधल्या काळापुरते म्हणून ते खारे पाणी एका चराने नदीला वळसा घालून मेक्सिकोच्या ओसाड खाजणात सोडले होते. तेथे कोणीही न योजता पाणकणसांचे हजारो हेक्टरांचे दलदलवन उगवले, सिएनेगा दे सांता क्लारा या नावाने ते पक्ष्यांचे आश्रयस्थान झाले, आणि आता कारखाना सुरू करावा तर ते वन सुकेल म्हणून पक्षिमित्र आडवे येतात. मिठाचा जमाखर्च एका वहीत मिटवावा तर तो दुसऱ्या वहीत निघतो, याचे याहून विनोदी उदाहरण माझ्या वाचनात नाही.

खरे काम मात्र त्याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलोरॅडो राज्यातील ग्रँड व्हॅलीत, पुष्कळ कमी गाजावाजाने झाले. तेथल्या कालव्यांखाली प्राचीन समुद्राच्या गाळाचा, मिठाने भरलेला, शिळाथर आहे. मातीच्या कालव्यातून आणि सढळ भिजवणीतून मुरणारे पाणी त्या थराला लागे आणि तेथले पुराणकालीन मीठ विरघळवून नदीत आणी. उपाय काय? कालव्याला अस्तर, पाटांऐवजी नळ, आणि शेतात मोजके पाणी. नदीत आलेले मीठ पुन्हा बाहेर काढण्यापेक्षा ते खडकात जेथे निजले आहे तेथेच निजू देणे कितीतरी स्वस्त पडते. ऑस्ट्रेलियातील मरे नदीवर याचीच दुसरी तऱ्हा दिसते. तेथे काठालगत विहिरींची रांग खणून खारे भूजल नदीत शिरण्याआधीच उपसतात आणि दूरच्या खळग्यांत वाळवतात, आणि मॉर्गन या गावापाशी खारेपणा दाखवणारा विद्युतवाहकतेचा आकडा शंभरांतले पंच्याण्णव दिवस ८०० एककांच्या आत राहावा असे उद्दिष्ट ठेवून सगळे कारभार त्या एका आकड्याला बांधले आहेत. एकच गाव, एकच आकडा. जबाबदारी निश्चित करण्याची ही रीत मला फार आवडते.

आता आपल्याकडे वळू. शेतातून नदीत जाणारे मीठ कमी करावयाचे तर पहिली गोष्ट शेतात जाणारे पाणी कमी करणे, आणि तेथे आमचा पाणीपट्टीचा शिरस्ताच आडवा येत आला: आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. एकरी ठरलेले पैसे भरले की पाणी किती घेतले याचा हिशेब कोणी विचारीत नाही. मग रात्रभर दार उघडे टाकून घरी जाऊन झोपणारा शेतकरी आळशी नसतो, व्यवहारी असतो. २००५ सालच्या दोन कायद्यांनी, एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण करून आणि दुसऱ्याने पाणीवापर संस्थांच्या हाती वितरण देऊन, घनमापनावर पाणी मोजून देण्याची वाट खुली केली. कायदा झाला तरी मोजपट्टी मोडकी असेल तर व्यर्थ. अनेक वितरिकांवरील मापनयंत्रांवर बसून गुराखी बिडी ओढताना मी पाहिले आहेत.

ठिबकाविषयी एक सावधगिरीचा शब्द. ठिबकाने पाणी वाचते हे निर्विवाद आहे, पण मीठ नाहीसे होत नाही; ते ओल्या वर्तुळाच्या कडेला, जेथे ओल संपते तेथे, कडे करून बसते, आणि पहिल्या अवकाळी सरीने ते कडे मुळांवर उतरले म्हणजे झाड दचकते. कमी पावसाच्या मुलखात अधूनमधून जाणूनबुजून थोडे जास्त पाणी देऊन हे कडे धुवावे लागते. पिकांचा सोशिकपणाही सारखा नसतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (डेसिसीमेन्स प्रति मीटर या एककात) १.७ च्या पुढे गेली की संत्रा उतरू लागतो, धान ३ पर्यंत सोसते, कापूस ७.७ पर्यंत आणि जव ८ पर्यंत. मेसोपोटेमियात गव्हाची जागा हळूहळू जवाने घेतली असे संशोधक सांगतात, त्याचा अर्थ या आकड्यांतून कळतो. नागपूरकराने संत्र्याचा आकडा ध्यानात ठेवावा.

चोपण जमिनीला नुसता चर पुरत नाही. तेथे सोडियमने चिकणमातीच्या कणांना असे विस्कटलेले असते की पाणी खाली उतरतच नाही. आधी जिप्सम घालून सोडियमची जागा कॅल्शियमला द्यावी लागते, ताग-धैंचा गाडावा लागतो, आणि मग धुलाई. विदर्भातच, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठी, साडेचार लाख हेक्टरांहून मोठा खारपाणपट्टा या अवस्थेत आहे, आणि तो पाटाने झालेला नाही. निसर्गानेच त्या खोलगट खोऱ्यात गाळ भरताना मीठ कोंडून ठेवले. तेथल्या विहिरीचे पाणी कैक ठिकाणी गुरेसुद्धा पीत नाहीत, आणि शेतकरी पावसाचे पाणी शेततळ्यात धरून एखाददुसरी संरक्षक पाळी देतो. अशा मातीवर उद्या कोणी निचऱ्याची तजवीज न करता बारमाही कालवा नेला तर नीरेला जे घडायला वीस-पंचवीस वर्षे लागली ते पाच वर्षांत घडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. निविदेत कालव्याचे पान आणि चराचे पान एकत्र शिवलेले नसेल तर ती निविदा परत करावी.

मौद्याला आज या सगळ्यातले भय नाही, मात्र तेथला हिशेबही पूर्वीइतका सैल राहिलेला नाही. मध्य प्रदेशातील चौराई धरणाने पेंचचे पाणी वरच अडवले जाऊ लागल्यापासून तोतलाडोहाची आवक घटली. नागपूर शहर पेंच आणि कन्हान दोघींचे पाणी पिते आणि आपले सांडपाणी नाग नदीच्या हाती मौदा ओलांडल्यावर कन्हानीत परत करते. आणि कन्हान ते सारे घेऊन अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, जेथे गोसीखुर्दचा फुगवटा पसरलेला आहे. साबण, मूत्र, धुणीभांडी यांतूनही मीठच जाते. उन्हाळ्यातल्या त्या रेघेसारख्या प्रवाहात आता पातळ करायला पाणीच नाही, म्हणून शेताच्या चरातले मीठ, जे एरवी नगण्य, तेही मोजावे लागते. साधी तजवीज अशी की, बांधीत सतत उभे पाणी न ठेवता ओल खाली गेल्यावरच पुन्हा भरावे, चराचे पाणी उन्हाळ्यात नदीत न सोडता खालच्या सोशिक पिकाला किंवा शेतातल्याच बोडीला, म्हणजे लहान तळ्याला, वळवावे, आणि तेथे साठलेले खारट पाणी पावसाळ्यात, नदीला लोट असताना, सोडावे. मीठ तेवढेच जाते. वेळ मात्र नदीच्या सोयीची असते.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा त्या पुलावर थांबलो होतो. वाळू, खड्डे, रेघ, काहीच दिसत नव्हते. काठापासून काठापर्यंत तांबूस गढूळ पाणी, मधून एखादे उन्मळलेले पळसाचे झुडूप फिरत जात होते. धुऱ्यावरचे ते वृद्ध गृहस्थ त्या दिवशी फावड्याने बांधीची वाट मोकळी करीत उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी चराच्या पाण्यात बोट बुडवून चाखले. अगदी अळणी होते. "खारट नाही लागत?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा फावडे उचलले.